काळ्या मातीवर घरामागचं टर्फ कोर्ट: नागपूरसाठी टप्प्याटप्प्याचं मार्गदर्शन

घरामागच्या मोकळ्या जागेत टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, घालताना बहुतेक जण गवत निवडण्यात महिना घालवतात आणि खालचं काम दोन दिवसांत मिस्त्रीकडून उरकून घेतात. नागपुरात हे हमखास अंगाशी येतं. इथल्या बऱ्याच लेआउटमध्ये वरचे दोन-तीन फूट काळी कपाशीची माती आहे. पावसात ती फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि तिच्यावर जे काही अंथरलं असेल ते दरवर्षी थोडं वर-खाली होतं. टर्फ कितीही भारी असो, दुसऱ्या पावसाळ्यात खळगे दिसू लागतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात जोड उघडतात.

इंटरनेटवरच्या व्हिडिओत दिसणारी पद्धत, म्हणजे माती काढा, गिट्टी भरा, पाणी आपोआप खाली मुरेल, ही रेताड जमिनीसाठी ठीक आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. ते गिट्टीखाली साचतं आणि मातीला फुगवतं. इथे पाणी कोर्टाखाली जाऊच द्यायचं नाही, उतारावरून बाजूला काढायचं. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आखले आहेत.

पुढची मापं ५.८ बाय १२ मीटरच्या, म्हणजे साधारण १९ बाय ३९ फुटांच्या कोर्टासाठी आहेत. मुलांचा फुटबॉल, टेनिस बॉलचं क्रिकेट आणि नेट लावून व्हॉलीबॉलसारखे खेळ यात बसतात. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्टच १३.४० बाय ६.१० मीटर असतं आणि क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब. ते हवं असेल तर जागा आधी मोजा, नंतर मन घाला.

१. काम कधी काढायचं

दिवाळीनंतर खोदकाम आणि संक्रांतीच्या आसपास टर्फ, हा नागपूरसाठी सगळ्यात चांगला क्रम. नोव्हेंबरात मातीत मध्यम ओल असते: ती चिखल नसते आणि भेगाळलेलीही नसते.

मे महिन्यात खोदलेल्या भेगाळ मातीवर थर दाबले, की पहिल्याच पावसात माती फुगते आणि सगळे थर उचलते. शिवाय नवतपाच्या उन्हात अंथरलेलं टर्फ पसरलेलं असतं. त्याच अवस्थेत ते चिकटवलं, तर डिसेंबरच्या थंडीत आकसतं आणि ताण जोडांवर येतो.

२. जागेची तपासणी

कागदावर कोर्ट आखण्याआधी पुढच्या गोष्टी जागेवर जाऊन बघा.

पाणी कुठे जाणार, हे सगळ्यात आधी. या रचनेत निचऱ्याचा पाइप शेवटी जमिनीखाली सुमारे ४०० मिलिमीटरवर जातो. म्हणजे बाहेरच्या पावसाळी नालीचा तळ तुमच्या आवारापेक्षा किमान अर्धा मीटर खाली हवा. पाण्याची लेव्हल नळी लावून हे मोजा, अंदाजावर जाऊ नका. नाली उथळ निघाली तर खोदकाम कमी करून अख्खं कोर्ट १५० मिलिमीटर उचलून घ्या.

घराच्या जोत्यापासून किमान एक मीटर आणि कंपाउंडच्या भिंतीपासून ६०० मिलिमीटर सोडा. भिंतीचा पाया उथळ असेल तर त्याला लागून फूटभर खोदणं धोक्याचं आहे. उतार नेहमी घरापासून दूर.

सेप्टिक टँकचं झाकण, बोअरवेल, पाण्याची आणि विजेची लाइन कोर्टाखाली दाबली जात नाही ना, हे बघा. वरून विजेची तार जात असेल तर तिच्याखाली किंवा जवळ चेंडू अडवायच्या जाळीचा खांब उभा करू नका.

शेवटी, आजूबाजूच्या खिडक्यांच्या काचा. काही परावर्तक काचांवरून आलेलं ऊन एका जागी गोळा होतं आणि तिथलं टर्फ वितळतं. दुपारी उभं राहून बघा, जमिनीवर झगझगीत पट्टा पडतो का.

> इशारा: कोर्टाचं पाणी सांडपाण्याच्या गडर लाइनला जोडू नका. जोराच्या पावसात गडर तुंबते आणि तेच पाणी उलटं फिरून गिट्टीत येतं. विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणातही सोडू नका, त्यासोबत प्लास्टिकचे तंतू जातात. काळ्या मातीत शोषखड्डा हाही पर्याय नाही. पावसाळाभर तो भरलेलाच राहतो.

३. माप रोलवरून ठरवा

खेळासाठीचं टर्फ साधारण २ मीटर किंवा ४ मीटर रुंदीच्या रोलमध्ये येतं. जागा २० फूट आहे म्हणून कोर्ट २० फूट ठरवलं, तर शेवटी वीतभर रुंदीची पट्टी जोडावी लागते, आणि अशी पट्टीच सगळ्यात आधी उचकटते.

२ मीटरच्या तीन पट्ट्या म्हणजे ६ मीटर. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा सुमारे २५ मिलिमीटर कापाव्या लागतात आणि बाहेरच्या कडेला आणखी थोडं जातं. म्हणून कर्बच्या, म्हणजे कडेच्या काँक्रीटच्या पट्टीच्या, आतलं माप ५.८ मीटर. लांबी १२ मीटर असली तरी पट्टी १२.२ मीटरची काढायची. २५ मीटरच्या एका रोलमधून अशा दोन पट्ट्या निघतात. दोन रोल घेतले तर चार होतात, लागतात तीन. चौथी गुंडाळून सावलीत ठेवा. दुरुस्तीच्या वेळी त्याच रंगाचं टर्फ बाजारात मिळेलच असं नाही.

खेळ मिश्र असेल तर २० मिलिमीटर उंचीचं, रेती भरायचं टर्फ घ्या. ४०-५० मिलिमीटरचं फुटबॉल टर्फ मऊ वाटतं, पण त्यावर चेंडू उसळत नाही आणि त्यात रबराचे दाणे भरावे लागतात. काळे रबराचे दाणे असलेलं टर्फ नागपूरच्या मेमध्ये अनवाणी पायांसाठी भट्टीच. साध्या टर्फचा पृष्ठभागही त्या उन्हात ६० अंशांच्या वर जातो.

सगळे रोल एकाच बॅचचे आहेत का, हे लेबलवर बघा. वेगळ्या बॅचची हिरवी छटा उन्हात लगेच उठून दिसते.

४. साहित्य

दाबल्यावर थर बसतात, म्हणून मुरूम, गिट्टी आणि चुरी (बारीक दगडचुरा) तीस टक्के जास्त धरली आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.

- मुरूम: साडेसहा ब्रास
- गिट्टी, २० आणि १० मिलिमीटर मिसळून: सव्वातीन ब्रास. पाइपच्या चरासाठी नुसती २० मिलिमीटरची अर्धा ब्रास वेगळी
- चुरी, ६ मिलिमीटरपर्यंतची: एक ब्रास
- न विणलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम: १६५ चौरस मीटर
- ११० मिलिमीटरचा भोकांचा पीव्हीसी पाइप: १२ मीटर. नालीपर्यंतचा साधा पाइप वेगळा
- २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, फक्त चरासाठी
- जोडपट्टी ३०० मिलिमीटर रुंद: २५ मीटर
- दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद: १२ किलो
- सिलिका रेती, गोल दाण्याची, ०.४ ते ०.८ मिलिमीटर, वाळवलेली: ५० किलोची ३२ ते ३४ पोती
- पाच इंची गॅल्वनाइज्ड खिळे: २००

खोदलेली माती सुटी झाल्यावर सुमारे ११ ब्रास भरते. ती कुठे जाणार, हे टिप्परवाल्याशी आधीच ठरवा. ती कोर्टाच्या कडेला ढीग करून ठेवली तर पहिल्या सरीत वाहून परत आत येते.

मुरूम उतरवून घेण्याआधी तपासा. मूठभर मुरूम पाण्याच्या बाटलीत घालून हलवा आणि तासभर ठेवा. वर चिकणमातीचा जाड थर बसला किंवा पाणी काळपट गढूळच राहिलं, तर त्यात काळी माती मिसळलेली आहे. ती गाडी परत पाठवा. सगळ्या कामात इथे एवढं कडक राहिलात तरी अर्धं काम झालं.

५. खोदकाम आणि तळाचा उतार

लांबीच्या दोन कडांपैकी नालीकडची कड खालची. रुंदीच्या दिशेने १०० ला १ उतार द्यायचा, म्हणजे ५.८ मीटरमध्ये सुमारे ६० मिलिमीटर. खालच्या कडेला ३२५ मिलिमीटर खोदा, वरच्या कडेला २६५. कर्बसाठी चारी बाजूंना १५० मिलिमीटर जास्त घ्या.

खड्ड्याचा तळच उतारात हवा. इथे सर्रास चूक होते: तळ सपाट खोदतात आणि उतार शेवटी चुरीच्या थरात काढतात. मग वरून सगळं ठीक दिसतं, पण खाली शिरलेलं पाणी तळ्यासारखं जागेवरच थांबतं.

जेसीबीने खोदत असाल तर शेवटचे ५० मिलिमीटर माणसांकडून काढून घ्या. दातांनी उकरलेली सुटी माती पुन्हा दाबून पहिल्यासारखी होत नाही. मुळं दिसली तर पूर्ण काढा. ती कुजली की तिथे खड्डा पडतो.

जाळीच्या खांबांचे खड्डे याच वेळी घ्या, ४५० बाय ४५० आणि खोली ९०० मिलिमीटर. उथळ पायाचा खांब काळ्या मातीत एका वर्षात कलतो. काँक्रीटमध्ये पाइपची बाही बसवा, म्हणजे खांब पुढे काढता येतो.

> तपासणी: टाच जोरात रोवून बघा. ठसा १० मिलिमीटरपेक्षा खोल जात असेल तर तिथली मऊ माती काढून मुरूम भरा आणि धुमस करा.

६. मुरमाचं झाकण

तळावर जिओटेक्स्टाइल अंथरा, दोन पट्ट्या एकमेकींवर ३०० मिलिमीटर चढवून. त्यावर मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर दाबून १०० मिलिमीटर होईल असा. एकदम २०० भरला तर प्लेट कॉम्पॅक्टर फक्त वरचा भाग दाबतो, खालचा भुसभुशीत राहतो.

ओल नेमकी हवी. मुठीत मुरमाचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडा. दोन-चार तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपडा. नुसताच चपटा झाला तर दिवसभर वाळू द्या. मग ९०-१०० किलोच्या कॉम्पॅक्टरचे चार ते सहा फेरे मारा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवा. कोपऱ्यात यंत्र पोचत नाही, तिथे हातधुमस.

नीट दाबलेला मुरूम पाणी सहजी आत घेत नाही. तोच इथे काळ्या मातीचं छत आहे. म्हणून दुसरा थर झाल्यावर तीन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवा. खाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे खरवडून, मुरूम टाकून पुन्हा दाबा.

७. निचऱ्याचा चर

खालच्या कडेला, कर्बच्या आतल्या बाजूने ३०० मिलिमीटर रुंद चर घ्या. मुरमाच्या वरच्या पातळीपासून सुरुवातीला २०० आणि नालीकडच्या टोकाला २८० मिलिमीटर खोल. चराचा तळ आणि कर्बकडची बाजू प्लास्टिकने झाका, नाहीतर पाइपकडे आलेलं पाणी शेजारच्या काळ्या मातीत उतरतं आणि केलेलं सगळं वाया जातं. त्यावर जिओटेक्स्टाइल, मग पाइप भोकं खाली करून, भोवती २० मिलिमीटरची स्वच्छ गिट्टी, आणि जिओटेक्स्टाइल वरून दुमडून बंद. पाइप नालीला जाण्याआधी ४५० बाय ४५० चा गाळ साचण्याचा चेंबर बांधा, झाकण उघडता येईल असं.

११० मिलिमीटरचा पाइप पुरेल का, हा प्रश्न नेहमी येतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. तसा पाऊस ७० चौरस मीटरच्या कोर्टावर म्हणजे सुमारे ७,००० लिटर. चार तासांत विभागला तर सेकंदाला अर्धा लिटर, आणि हा पाइप त्याच्या कितीतरी पट वाहतो. अडतं ते बाहेरच्या टोकाला: नालीत कचरा, नाहीतर पाइपचं तोंड नालीतल्या पाण्याखाली. तोंड शक्य तितकं वर ठेवा आणि त्याला जाळी लावा.

८. कर्ब

१०० मिलिमीटर रुंद, ३०० मिलिमीटर खोल काँक्रीटचा कर्ब चारी बाजूंनी. दोरी ताणून, लेव्हल बघून ओता आणि सात दिवस पाणी मारा. कर्बचा माथा चुरीच्या तयार पातळीपेक्षा २० मिलिमीटर वर हवा, म्हणजे टर्फ त्याच्या बरोबरीने बसतं.

> इशारा: खालच्या कडेचा कर्ब टर्फपेक्षा उंच ठेवला की कोर्टाचा हौद होतो. मुसळधार पावसात वरून वाहणाऱ्या पाण्याला त्या बाजूने बाहेर पडायला वाट हवीच.

९. गिट्टी आणि चुरी

मुरमावर दुसरं जिओटेक्स्टाइल. ते गाळलं तर वर्षभरात मुरमाची माती गिट्टीत चढते आणि निचरा बंद पडतो. त्यावर मिसळलेली गिट्टी दाबून १०० मिलिमीटर. नुसती २० ची गिट्टी घेतली तर वरची चुरी तिच्या पोकळ्यांत गळत राहते आणि टर्फखाली वाट्यांसारखे खळगे पडतात. २० आणि १० चं मिश्रण दगडाला दगड धरून ठेवतं.

चुरी ३० मिलिमीटर, थोडी ओली करून, कॉम्पॅक्टरचे दोन फेरे. पिठासारखी भुकटी जास्त असलेली चुरी घेऊ नका. ओली झाली की ती सिमेंटसारखी बसते आणि पाणी वरच थांबतं. काही मिस्त्री मजबुतीसाठी वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात. ते करू देऊ नका.

आता पट्टीची कसोटी कडक: तीन मीटरच्या पट्टीखाली ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चुरीवर बुटाचा ठसा दिसतो, तिथे टर्फवरही चेंडू वळणार. टर्फ सगळं लपवतं, असं समजून इथे घाई होते. तिरप्या संध्याकाळच्या उन्हात टर्फ प्रत्येक खळगा उघडा पाडतं.

> तपासणी: वरच्या कडेवरून नळीने हजार लिटर पाणी सोडा. चेंबरमध्ये पाणी येताना दिसलं पाहिजे आणि अर्ध्या तासानंतर कुठेही डबकं राहता कामा नये. डबकं दिसलं तर आत्ताच दुरुस्त करा. टर्फ चिकटल्यावर हे जमत नाही.

१०. टर्फ अंथरणं आणि जोडणं

कापण्याआधी रोलच्या मागे खडूने बाण काढा. तिन्ही पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेला झुकले पाहिजेत, शक्यतो घराकडे. एक पट्टी उलटी पडली तर ती वेगळ्या रंगाची दिसते. हे चिकटवल्यावर लक्षात येतं, म्हणूनच ही चूक महाग पडते.

पट्ट्या अंथरून रात्रभर पडू द्या. घड्या आपोआप बसतात. कोरड्या चुरीवर ओढत नेऊ नका, उचलून ठेवा.

मग जोडाच्या कडा मागच्या बाजूने, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कापा. ब्लेड दर दोन-तीन मीटरला बदला. दोन पट्ट्यांमधली फट टाक्यांच्या ओळींमधल्या अंतराइतकीच हवी. कमी असली तर जोड उंचवट्यासारखा उठतो, जास्त असली तर काळी रेघ दिसते. गोंद लावण्याआधी दोन्ही जोड कोरडेच जुळवून, चार पावलं मागे जाऊन बघा.

कडा उलट्या दुमडा, जोडपट्टी मधोमध अंथरा आणि गोंद दातेरी पट्टीने पसरवा. मीटरला अर्धा किलोच्या आसपास लागतो. दव उडाल्यावर, सकाळी दहानंतर सुरू करा आणि चारच्या आत संपवा. जोडपट्टी किंवा टर्फची पाठ ओलसर असेल तर हा गोंद फेसाळतो आणि पकड धरत नाही. कालवलेला गोंद किती वेळात वापरायचा, ही डब्यावर लिहिलेली वेळ साधारण २५ अंशांची असते. ऊन जास्त असेल तर ती बरीच कमी धरा आणि एका वेळी अर्ध्या जोडापुरताच गोंद कालवा.

कडा खाली सोडताना गोंदात अडकलेले तंतू बोटांनी वर काढत जा. नंतर ते निघत नाहीत. जोडावर रेतीची पोती ओळीने ठेवा, चोवीस तास. पूर्ण पकड येईपर्यंत वर कुणी धावायचं नाही.

कडा कर्बला लागून कापा आणि दर २०० मिलिमीटरला खिळा. तंतू बाजूला सारून ठोका, डोकं तंतूंच्या बुडाशी जाईपर्यंत.

११. रेती

कन्हान नदीची रेती बांधकामाला उत्तम, टर्फला अजिबात नाही. तिच्यात बारीक गाळ असतो आणि लहान-मोठे दाणे असतात. गाळ निचरा बंद करतो, कोनदार दाणे तंतू घासतात.

हिशोब सोपा आहे: एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीची रेती म्हणजे सुमारे दीड किलो. २० मिलिमीटरच्या टर्फमध्ये १५-१६ मिलिमीटर भरायची, म्हणजे चौरस मीटरला २२ ते २४ किलो.

टर्फ आणि रेती दोन्ही खणखणीत कोरडी असताना चार फेऱ्यांत भरा. प्रत्येक फेरीनंतर कडक नायलॉनच्या ब्रशने तंतूंच्या उलट दिशेने घासा, म्हणजे रेती बुडाशी जाते आणि तंतू उभे राहतात. एकदम ओतली तर तंतू आडवे होऊन रेतीखाली गाडले जातात. खिळा उभा खुपसून दहा जागी खोली मोजा.

महिनाभरात रेती बसते. तेव्हा, आणि पहिला मोठा पाऊस गेल्यावर, उरलेली पोती वापरा.

१२. पहिल्या वर्षी काय बघायचं

कर्बच्या बाहेर किमान ६०० मिलिमीटर पट्टा मुरूम किंवा पेव्हर ब्लॉकचा करा. कर्बला लागून फुलझाडं आणि ठिबक ठेवलं तर तिथली माती वर्षभर ओली राहते, बाकीची वाळते, आणि कर्ब मधोमध तडकतो.

एप्रिलमध्ये या पट्ट्याबाहेर भेगा पडल्या तर मुरमाची भुकटी भरून बुजवा, पावसाचं पाणी त्यातून कोर्टाखाली शिरण्याआधी. पोळ्याच्या आसपास चेंबर उघडून गाळ काढा. आठवड्याला एकदा ब्रश मारा, कडुनिंबाचा पाला साचू देऊ नका. सावलीतल्या कोपऱ्यात पावसाळ्यात शेवाळ धरतं. तिथे ब्रश जास्त वेळा फिरवायचा, अॅसिड वापरायचं नाही.

मार्चपासून जूनपर्यंत खेळ सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर. पाणी शिंपडल्यावर पृष्ठभाग गार होतो, पण थोडाच वेळ. दिवाळीत कोर्टावर फटाके नकोत, एका फुलझडीची ठिणगीही टर्फला भोक पाडते. भोक पडलंच तर चौथ्या पट्टीतून तळहाताएवढा तुकडा त्याच दिशेने कापा, खाली जोडपट्टीचा तुकडा सरकवून चिकटवा आणि वरून मूठभर रेती घासून घ्या.